नुसते चोळलेले दाणे

हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणं हे माझ्या एम.एस्सी.चं पहिलं काम. ४८ हव्या होत्या. चाळीत ज्या घरी बाळंतीण किंवा अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असे, तिथे हमखास मिळत. धुऊन, गच्चीत वाळवून, तोंडाला बांधायला मलमलचे तुकडे कापून त्या मी चार खेपांत लोकलने नेल्या. लेडीज डब्यात एका बाईंनी विचारलं, “लोणच्यांचा धंदा काढलास का गं?” मी म्हटलं, “नाही, एम.एस्सी. करतेय.” त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मुंबईत तेव्हा एम.एस्सी. दोन तऱ्हांनी करता येई. ‘बाय पेपर्स’ म्हणजे वर्ग, प्रात्यक्षिकं, परीक्षा, पहिला वर्ग, दुसरा वर्ग. आणि ‘बाय रिसर्च’ म्हणजे एक गाइड, एक प्रश्न, एक टेबल आणि शेवटी काळ्या रेक्झिनच्या बांधणीतला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध. पेपर्सवाल्यांची वाट मळलेली होती. आमच्याकडे नातेवाईक दर दिवाळीला विचारत, “परीक्षा कधी आहे?” परीक्षा नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, “मग करतेस काय दिवसभर?”

दिवसभर मी मुगावरची अंडी मोजत होते.

प्रश्न आमच्या स्वयंपाकघरातून आला होता. आई वर्षाचं कडधान्य भरताना मुगाला एरंडेलाचा हात लावून ठेवायची. तिची आई तेच करायची. तेल लावलेल्या मुगाला भुंगेरे लागत नाहीत, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. का लागत नाहीत, हे कोणी विचारलं नव्हतं, कारण मूग टिकत होता. हा भुंगेरा तांबूस रंगाचा आणि तिळापेक्षा थोडा मोठा. मादी अंडं दाण्याच्या सालीवर चिकटवते. अळी अंड्यातून थेट दाण्यात शिरते, आतच वाढते, आणि उबदार हवामानात साधारण २५ दिवसांनी भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर पडतो. बाहेर आलेल्याला खाण्याची गरज नसते. तो दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात पुढची पिढी मुगावर लावून जातो. डब्याचं झाकण उघडल्यावर आपल्याला दिसतं ते पीठ आणि भोकं, म्हणजे गोष्ट संपल्यानंतरचा पसारा.

माझा बेत मला फार सुबक वाटत होता. किलोला अडीच मिली, पाच मिली, दहा मिली एरंडेल लावलेला मूग, आणि शेजारी काहीच न लावलेला. प्रत्येक बाटलीत ठरावीक दाणे, भुंगेऱ्यांच्या ठरावीक जोड्या. नर-मादी ओळखायला शिकले होते. नराच्या मिशा कंगव्यासारख्या दातेरी असतात. दमटपणासाठी इनक्युबेटरमध्ये मिठाच्या संपृक्त द्रावणाची बशी. ती ठेवली की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. हे सगळं आखून, रेघा मारलेल्या कागदावर तक्ता काढून मी बाईंपुढे ठेवला. आमच्या गाइडना सगळे बाईच म्हणत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तक्ता वरून खाली वाचला आणि विचारलं,

“तेल लावताना दाणे चोळणार ना?”

“हो बाई. हाताने. सगळीकडे सारखं लागायला हवं.”

“मग नुसते चोळलेले, तेल न लावलेले दाणे कुठे आहेत?”

मी गप्प. बाई म्हणाल्या, “भुंगेरा तेलामुळे पळाला की तू दाणा रगडलास म्हणून, हे तुला कसं कळणार? आणि हे एरंडेलच कशाला? शेंगदाण्याच्या तेलाने तेच झालं तर?”

तक्ता परत आला. ४८ बाटल्या पुरणार नाहीत हे मला तिथेच कळलं.

आमच्या घरी ‘कंट्रोल’ म्हटलं की आजीला रेशनचा लाल गहू आठवायचा. प्रयोगशाळेतला कंट्रोल वेगळा. ज्या गोष्टीचा परिणाम तपासायचा, ती एक सोडून बाकी सगळं जिथे तंतोतंत तसंच केलं आहे, ती बाटली. पुस्तकात त्याची व्याख्या मी पाठ केली होती, बी.एस्सी.ला त्यावर पाच मार्कही मिळवले होते. पण ती व्याख्या आपल्या हाताने दाणे रगडल्याशिवाय कळत नाही. ‘बाय रिसर्च’ने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी हीच एक बाटली दाखवीन. बाकीच्या बऱ्याच गोष्टी नंतर पुस्तकांतून मिळाल्या असत्या.

कडधान्यावर एम.एस्सी. करणारी मी पहिली नव्हे, हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि कळल्यावर उगाचच बरं वाटलं. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेली कमला भागवत नावाची मुलगी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘टाटा इन्स्टिट्यूट’मध्ये, संशोधनासाठी अर्ज करते. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्रातले. गुण उत्तम. तरी अर्ज फेटाळला जातो. संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. कारण एकच, ती मुलगी होती. कमला बंगळूरला जाऊन रामन यांच्यापुढे उभी राहिली आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन म्हणाली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गाइड सांगतील तेव्हा रात्रीही काम करावं लागेल, आणि तिच्यामुळे संस्थेचं वातावरण बिघडता कामा नये.

हा प्रसंग अनेकांनी सांगितला आहे, बहुतेक वेळा रामन यांच्या संकुचितपणाची गोष्ट म्हणून. तो आहेच. पण मला त्यात बाईंचा प्रश्न ऐकू येतो. वर्षभर एका मुलीला निरीक्षणाखाली ठेवून वातावरण बिघडतं का ते पाहायचं ठरलं. वातावरण बिघडवणारे मुलगे मोजायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. जगातल्या मोठ्या प्रयोगशास्त्रज्ञांपैकी एकाने कंट्रोलशिवाय प्रयोग मांडला होता. वर्ष संपल्यावर त्यांनी निकाल मान्य केला आणि संस्थेचं दार मुलींना उघडलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

कमलाबाईंनी तिथे श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. डाळींतला जो नायट्रोजन प्रथिनांत बांधलेला नसतो, त्याचा हिशेब लावणं हा त्यातला एक भाग. विज्ञान संस्था तेव्हा पदवी देत नसे, ‘असोसिएटशिप’ देई. विद्यापीठाचा दर्जा तिला १९५८ मध्ये मिळाला. त्यामुळे बंगळूरच्या कामावर पदवी दिली ती मुंबई विद्यापीठाने, १९३६ साली: एम.एस्सी., संशोधनाने. त्यानंतर केंब्रिज, तिथे बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडणं, अवघ्या चाळीसेक पानांचा प्रबंध आणि १९३९ मध्ये पीएच.डी. कमला सोहोनी हे त्यांचं लग्नानंतरचं नाव त्यामुळे लोकांना माहीत झालं. पण केंब्रिजला जाताना त्यांच्याजवळ जे होतं ते डाळींवरचं काम होतं. पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना विषय दिले तेही नीरा, डाळी, भाताचं कूट असे, गरिबाच्या ताटाच्या आसपासचे.

एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. कमलाबाईंची थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. त्यांनी समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे पीएच.डी.साठी मध्य प्रदेशातल्या आदिवासींत काम सुरू केलं, तिथे जंगलातला विषारी सुरण खाण्यात आला, वर्षानुवर्षांचं आजारपण मागे लागलं आणि प्रबंध राहून गेला. एकीचा प्रबंध चाळीस पानांत पुरा झाला, दुसरीचा झालाच नाही. मराठी वाचकाला त्या न झालेल्या प्रबंधाबद्दल हळहळावं की नाही हे कळत नाही, कारण तो झाला असता तर ‘ऋतुचक्र’ कुठल्या रूपात आलं असतं कोण जाणे.

माझ्या बाटल्यांकडे परत येते. काम सुरू होऊन चार महिने झाले होते. एका सकाळी प्रयोगशाळेतले मामा, जे तीस वर्षं काचसामान धूत आले होते आणि ज्यांना कुठल्या पिपेटचं टोक कुणी फोडलं हे न विचारता कळे, ते म्हणाले, “ताई, ह्या बाटलीतलं पाखरू आपलं नाही.” भिंगाखाली पाहिलं. काळी, बारीक कंबरेची, मुंगीएवढी गांधीलमाशी. ती दाण्यातल्या अळीवर अंडं घालते आणि तिचं पिल्लू भुंगेऱ्याची अळी खाऊन वाढतं. दुसऱ्या बाटलीत पाहिलं, तिसऱ्या बाटलीत पाहिलं. आठवडाभरात माझे भुंगेरे संपत आले.

चूक माझीच. किराणा दुकानातल्या मुगावर औषध मारलेलं असू शकतं म्हणून मी गावाहून मूग आणला होता. तो आधी डीप फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवून आतले छुपे जीव मारायचे, मग वापरायचा, हा नियम. एका खेपेला फ्रीझरमध्ये जागा नव्हती, म्हणून मी तशीच एक पिशवी वापरली आणि वहीत लिहिलं नाही. बाईंनी ओरडा दिला नाही. वही मागितली, ते पान उघडलं आणि म्हणाल्या, “इथे आजच्या तारखेने लिही. काय केलंस, कधी केलंस. मागचं पान फाडायचं नाही.” सगळ्या बाटल्या उकळत्या पाण्यात, इनक्युबेटर फॉर्मॅलिनने पुसलेला, नवा मूग, नवे भुंगेरे. प्रबंधात या चार महिन्यांची एक ओळ आहे: परजीवी गांधीलमाशीच्या प्रादुर्भावामुळे पहिली मालिका रद्द केली.

गेल्या पावसाळ्यापासून या लेखासाठी मी आजच्या मुलामुलींना भेटत होते. हॉर्लिक्सच्या बाटल्या आता कुणी वापरत नाही. बाकी फारसं बदललेलं दिसलं नाही.

पुण्यातल्या एका संस्थेत रात्री दहाला एक विद्यार्थिनी भेटली. परभणीकडची. ती फळमाश्यांवर काम करते, म्हणजे केळं जास्त पिकलं की त्यावर घोंगावतात त्या. त्यांना मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून केलेलं खाद्य लागतं. मजल्यावर कायम आंबिलासारखा वास. कोशातून नुकतीच निघालेली मादी २५ अंश तापमानात पहिले सात-आठ तास नराला जवळ करत नाही. प्रयोगासाठी अस्पर्श माद्या हव्या असतील तर त्या वेळात त्या वेगळ्या कराव्या लागतात. म्हणून रात्री सगळ्या मोठ्या माश्या काढून टाकायच्या, नळ्या १८ अंशांच्या कपाटात ठेवायच्या म्हणजे सगळंच मंदावतं, आणि सकाळी नवी जन्मलेली मंडळी वेचायची. कोवळी मादी फिकी असते, पोटात एक काळपट ठिपका दिसतो. कार्बन डायऑक्साइडने गुंगवलेल्या माश्या ती रंगाच्या बारीक ब्रशने डावीकडे-उजवीकडे सारत होती, तांदूळ निवडावेत तशी.

तिचा प्रश्न असा: अळीपणी अर्धपोटी वाढलेल्या मादीच्या अंड्यांवर पुढे काय परिणाम होतो? म्हणजे तीही अंडीच मोजते. “घरी काय सांगतेस?” मी विचारलं. ती हसली. “पहिल्या वर्षी आई फोनवर म्हणाली, पुण्याला जाऊन माश्या मारतेस होय! मी म्हटलं, आई, खरंच मारते.” टेबलाच्या कोपऱ्यात अल्कोहोलची बाटली होती, काम झालेल्या माश्या तिच्यात टाकतात. तळाशी दोन बोटं जाडीचा काळा थर साचला होता.

तिला मी कंट्रोलबद्दल विचारलं. अर्धपोटी ठेवलेल्या अळ्यांच्या नळीत गर्दीही वेगळी होते का? तिने ब्रश खाली ठेवला. “तो प्रश्न मला मागच्या मार्चमध्ये पडायला हवा होता,” ती म्हणाली. “ऑगस्टमध्ये पडला. पाच महिन्यांचा डेटा बाजूला ठेवला.” म्हणजे तिचेही नुसते चोळलेले दाणे उशिराच आले.

पैशाचं तिने आपणहून काढलं. नेट परीक्षेतून ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळालेल्याला २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात, पण ती पीएच.डी.ची वाट. एम.एस्सी.च्या टप्प्यावर बहुतेकांच्या वाट्याला घरचेच पैसे, आणि काही निवडक संस्थांत विद्यावेतन. तिच्या वर्गातले तिघे दुसऱ्या सत्रानंतर सोडून गेले. एकजण औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. “त्याचा कंट्रोल पगारी आहे,” ती म्हणाली आणि पुढची नळी उघडली.

शेतात, रानात काम करणाऱ्यांची अडचण निराळी. कोकणातल्या एका महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे सर भेटले. त्यांचं म्हणणं असं की, आपल्याकडचं विद्यापीठाचं वेळापत्रक आणि आपल्याकडचा पाऊस यांची कधी ओळखच झालेली नाही. संशोधन प्रकल्पाचं शेवटचं सत्र हिवाळ्यात सुरू होतं, मेमध्ये संपतं. आणि सडा जागा होतो जूनमध्ये. सडा म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार. उन्हाळ्यात तव्यासारखं तापलेलं, पहिल्या सरींनंतर डबक्यांनी भरलेलं. आंबोलीचा पिवळ्या पट्ट्यांचा छोटा भेक, ज्याचं शास्त्रीय नामकरण २००९ साली झालं आणि जो आंबोलीच्या परिसराबाहेर सापडत नाही, तो पावसाच्या सुरुवातीला याच उथळ डबक्यांत अंडी घालतो. ते मोजके दिवस हुकले की वर्ष गेलं. “मुलं मग काय करतात?” सर म्हणाले, “जानेवारीत जे दिसतं त्यावर करतात. फुलपाखरांची यादी, पाणवठ्यावरचे पक्षी. गेली दहा वर्षं आमच्या ग्रंथालयात कोकणातल्या प्राण्यांवर पाऊसच पडलेला नाही.”

त्यांच्याच एका विद्यार्थ्याने हट्टाने एक वर्ष वाया घालवलं. म्हणजे नियमांच्या भाषेत वाया. जूनमध्ये भाड्याच्या खोलीत राहून, डोक्यावर टॉर्च बांधून तो रात्री सड्यावर जाई. अभयारण्यात काम करायचं तर नागपूरला वन्यजीव विभागाच्या मुख्यालयातून परवानगी लागते, म्हणून त्याने सीमेबाहेरच्या खासगी सड्याची जागा निवडली, मालकाला आंब्याच्या पेटीऐवजी अहवालाची प्रत देण्याचं कबूल केलं. पहिल्या वर्षी त्याने डबकी मोजली आणि बेडूक मोजले. परत आल्यावर सरांनी विचारलं, “ज्या डबक्यांत काहीच नव्हतं, त्यांची खोली मोजलीस का?” त्याने मोजली नव्हती. म्हणून दुसरा जून.

रिकाम्या डबक्यांची खोली. मी ही गोष्ट ऐकत होते तेव्हा कुठेतरी आमच्या बाई चष्मा कपाळावर सरकवत होत्या.

रायगडात किहीमला याच धर्तीची एक जुनी गोष्ट घडली आहे. १९३० साली नोकरी नसलेले सालिम अली तिथे राहायला गेले. पदवी नव्हती, पदवी नाही म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेमधली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली होती. बर्लिनला पक्षितज्ज्ञ श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून आले होते, पण भारतातल्या अर्जाच्या रकान्यात ते कुठे लिहायचं? पावसाळ्यात घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. ते रोज बसून पाहत राहिले. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन तपासतात, पसंत पडलं तर एखादी राहते; मग नर ते पुरं करतो आणि लगेच शेजारी दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरण हे नाव आपल्या भाषेने बाईला दिलं आणि विणकाम निघालं बाप्याचं! हे कळायला दुर्मीळ उपकरण लागलं नाही. कुठलं घरटं कुणाचं आणि नाकारलेलं कुठलं, याची रोजची नोंद लागली. नाकारलेली घरटी लिहिली नसती तर गोष्ट अर्धीच राहिली असती.

याच पदवी नसलेल्या माणसाला पुढे मुंबई विद्यापीठाने पक्षिशास्त्रात संशोधनाने पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा गाइड म्हणून मान्यता दिली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी त्यासाठीचं केंद्र झाली. त्यांचे सुरुवातीचे विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर सुगरण-कुळातल्या पक्ष्यांवरच काम करत होते. विद्यापीठ कधीकधी शहाण्यासारखं वागतं, हे नोंदवून ठेवायला हरकत नाही.

विषय मात्र बहुतेकांचा पुढे टिकत नाही. कमल रणदिवे यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये एम.एस्सी. केली ती सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. पुढे मुंबईत खानोलकरांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि आयुष्य कर्करोगाच्या संशोधनात घालवलं, ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. सीताफळ मागे राहिलं. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं आणि काय दिसल्यासारखं वाटतं यातला फरक ओळखणारा डोळा तेवढा बरोबर गेला असणार.

माझं प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यावर वर्ग नव्हता, टक्केवारी नव्हती. संशोधनाची पदवी, तिला कसले टक्के? नोकरीच्या अर्जावर मात्र ‘एम.एस्सी.त किमान ५५ टक्के’ असा रकाना होता. एका कार्यालयात खिडकीमागच्या माणसाने प्रमाणपत्र उलटं करून मागची बाजूही पाहिली. मी प्रबंध पुढे केला. “हे नको, टक्के सांगा,” तो म्हणाला. त्याचं चुकलं असं मला आज वाटत नाही. त्याला एक रकाना भरायचा होता आणि माझ्याकडे १३२ पानं होती.

आता वारं उलट्या दिशेने वाहतंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद केलं आणि दोन वर्षांच्या एम.एस्सी.चं दुसरं वर्ष पूर्णपणे संशोधनाला देता येईल अशी सोय ठेवली. महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन पद्धती आणि संशोधन प्रकल्प सगळ्यांनाच आला. जी वाट पूर्वी दोन-चार हट्टी मुलं धरत, ती आता सगळ्यांची. मला याचा आनंद व्हायला हवा, आणि अर्धा होतोही. पण एका जिल्ह्याच्या गावी मी प्रकल्पांचा गठ्ठा चाळला. वीसपैकी चौदा प्रकल्पांत एकाच झाडाच्या पानांचा अर्क जिवाणूंवर टाकला होता. अर्काभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजलं होतं. अर्क ज्या मिथेनॉलमध्ये काढला, ते नुसतं मिथेनॉल टाकलेली डिश तीन प्रकल्पांत होती. बाकी अकरा ठिकाणी जिवाणू पानाने मेले की मिथेनॉलने, हे त्या मुलांना कुणी विचारलंच नव्हतं. उसनवारी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल मात्र प्रत्येकाला जोडलेला, साम्य दहा टक्क्यांच्या आत. यंत्राला उसनं वाक्य सापडतं. नसलेली डिश सापडत नाही. त्याला वीस मुलांमागे एक माणूस नव्हे, तीन-चार मुलांमागे एक माणूस लागतो, आणि त्याला तक्ता वाचायला वेळ लागतो.

तिथल्या प्राध्यापिकेला मी हे म्हटलं. ती तासिका तत्त्वावर होती. तिने शांतपणे सांगितलं की तिला प्रकल्पाच्या मार्गदर्शनाचे तास धरून मिळत नाहीत. यावर मला काही बोलता आलं नाही.

माझी व्हायवा मार्चमध्ये झाली. तोवर निकाल असे होते: नुसत्या चोळलेल्या आणि न चोळलेल्या दाण्यांत काही फरक नाही, हे एक वाक्य मिळवायला तीन महिने गेले होते. एरंडेल लावलेल्या दाण्यांवर अंडी फार कमी, आणि जी होती त्यांतली बरीचशी काचेसारखी पारदर्शक राहिलेली. अळी निघून दाण्यात शिरली की मागे राहिलेलं अंड्याचं कवच पांढरं दिसतं. ही पांढरी झालीच नव्हती. आणि शेंगदाण्याच्या तेलाने जवळपास तेच झालं होतं. म्हणजे आईच्या एरंडेलात खास असं काही नव्हतं. हे घरी सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “शेंगदाण्याचं तेल लावून वर्षभर ठेवलास तर मूग खवट लागेल. एरंडेल खवट होत नाही.” माझे भुंगेरे पंचवीस दिवसांत निपटत होते, वर्षभर कुठलीही बाटली मी ठेवली नव्हती.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, प्रबंधाला त्यांनी जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. तासभर त्यांनी आकडेमोड, गांधीलमाशी, मिठाची बशी सगळं विचारलं. मग शेवटची चिठ्ठी काढली.

“दोन्ही तेलांचा परिणाम सारखाच. मग तुमच्याकडच्या बायका महाग एरंडेल का वापरतात?”

मी म्हटलं, “शेंगदाण्याचं तेल खवट होतं, सर. एरंडेल होत नाही.”

“मोजलंत?”

मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

“नाही सर. मोजलं नाही.”

त्यांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि प्रबंध मिटला. बाहेर मामा चहाचे कप घेऊन उभे होते.